सहाव्या जनरेशनच्या लॅपटॉपवर विंडोज ११ टाकू का? टॅली आणि डीएससी (डिजिटल सही) दोन्ही त्यावरच आहे

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज प्रश्न घेऊन आलेय.

कराडला माझं छोटं ऑफिस आहे, जीएसटी, इन्कम टॅक्स आणि थोडीफार आरओसीची (कंपन्यांच्या नोंदणी खात्याची) कामं. लॅपटॉप रिफर्बिश्ड आहे, कुठल्यातरी कंपनीच्या लीजमधून सुटलेला, आय५ ६३००यू, ८ जीबी रॅम, २५६ ची एसएसडी. विंडोज १० प्रो ओरिजिनल. मशीनबद्दल काडीची तक्रार नाही, टॅली प्राइम, एक्सेल, ब्राउझरमधे वीसेक टॅब असं सगळं एकदम चालतं आणि कीबोर्ड तर आत्ताच्या नव्या लॅपटॉपपेक्षा कितीतरी बरा आहे.

पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून स्क्रीनवर सारखी पाटी येते. पीसी हेल्थ चेक चालवून बघितलं तर म्हणतं प्रोसेसर सपोर्टेड नाही. इथल्या दुकानदाराला विचारलं तर तो आधी म्हणाला नवीन घ्या, मी नको म्हटल्यावर म्हणाला मग पाचशे रुपयात ११ मारून देतो, क्रॅक आहे माझ्याकडे. क्रॅक शब्द ऐकला आणि लॅपटॉप पिशवीत घालून घरी आले, कारण यावर लोकांचे पॅन, आधार, बॅलन्स शीट, सगळं आहे.

तर विचारायचं असं की ११ खरंच चालेल का, चालली तर टॅली आणि डीएससीचं टोकन चालेल का, आणि पुढे अपडेट येतात का? आणि हे कायदेशीर आहे की नाही तेही सांगा. मला कंप्युटरमधलं वापरण्यापुरतं कळतं, उघडून बसण्यापुरतं नाही.

भटका_बिट

टाका हो ताई बिनधास्त. रूफस नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून ११ ची आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) उतरवा, रूफसमधे स्टार्ट दाबलं की तेच विचारतं टीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी चिप), सिक्युअर बूट (फक्त खात्रीची सिस्टीम सुरू होऊ देणारी सोय) आणि रॅमची अट काढू का, तिथे टिक करायची, संपला विषय. माझ्या चौथ्या जनरेशनच्या आय३ वर चालू आहे, गेम सोडून सगळं होतं.

जुनीमशीन

भटकाभाऊंचं खरं आहे पण ते घरच्या मशीनचं सांगतायत आणि ताईंचं मशीन धंद्याचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझं कोल्हापुरात रिपेअरिंगचं काम आहे आणि गेल्या ऑक्टोबरपासून दुकानात निम्मं गिऱ्हाईक हाच प्रश्न घेऊन येतंय.

आधी कायद्याचं. क्रॅक लागतच नाही. तुमची १० प्रो जर खरी ॲक्टिव्हेट झालेली असेल तर तिचं डिजिटल लायसन्स मशीनला जोडलेलं असतं, त्याच मशीनवर ११ प्रो टाकली की नेट लागल्यावर आपोआप ॲक्टिव्हेट होते, प्रॉडक्ट की वगैरे काही विचारत नाही. दुकानदार ज्याला क्रॅक म्हणतो ते बहुतेक वेळा रूफसचाच पेनड्राइव्ह असतो. पण बहुतेक वेळा, नेहमी नाही, आणि तीच अडचण आहे. टेलिग्रामवर फिरणाऱ्या कापलेल्या विंडोज मिळतात, ज्यातून डिफेंडर (विंडोजचा अँटिव्हायरस) आणि अपडेट काढून टाकलेले असतात, मशीन फास्ट वाटतं, गिऱ्हाईक खूश. ती आयएसओ कुणी बनवली, आत काय घातलं, कुणाला माहीत नाही. आयएसओ मायक्रोसॉफ्टच्या साइटवरूनच आणि रूफस रूफसच्या साइटवरूनच, तिसरीकडून काहीही नाही, एवढं पाळलंत तर अर्धी काळजी मिटली.

आता अटींचं. ५ ऑक्टोबर २०२१ ला ११ आली तेव्हा मायक्रोसॉफ्टने टीपीएम २.०, सिक्युअर बूट, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि इंटेलचा आठव्या जनरेशनपासूनचा प्रोसेसर अशा अटी घातल्या, एएमडीत रायझन २००० पासून. यातल्या टीपीएम आणि सिक्युअर बूटच्या अटी बऱ्याच मशीनवर नुसत्या बायोसमधे (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमधे) बंद असतात म्हणून फेल होतात, इंटेलमधे त्या सेटिंगचं नाव पीटीटी असतं, एएमडीत एफटीपीएम, चालू केलं की झालं. प्रोसेसरचं तसं नाही, ती यादी आहे आणि यादीत नाव नसेल तर बायोसमधे काही करून ते येणार नाही. पण यादीत नाही म्हणजे चालवता येत नाही असंही नाही. सातव्या जनरेशनचे जवळजवळ सगळे बाहेर ठेवले पण त्यातला आय७ ७८२०एचक्यू मात्र आत घेतला, तो कंपनीच्या स्वतःच्या सरफेस स्टुडिओ २ मधे होता. यावरून काय ते समजा.

खरी तांत्रिक भिंत वेगळीच आहे. २४एच२ व्हर्जनपासून प्रोसेसरमधे पॉपकाउंट आणि एसएसई ४.२ हे आदेश लागतात, ते नसतील तर विंडोज बूटच होत नाही, तिथे रूफस नाही आणि दुसरं कुणी नाही. तुमच्या ६३००यू मधे ते आहेत, पहिल्या जनरेशनच्या कोअर आय मधेसुद्धा आहेत. कोअर टू ड्युओ मधे नाहीत.

अपडेटचं असं आहे की दर महिन्याचे सिक्युरिटी अपडेट अशा मशीनवर येतात, आजपर्यंत येतायत. मायक्रोसॉफ्ट मात्र स्पष्ट म्हणतं की तुमचा त्यावर हक्क नाही, उद्या बंद केले तर तक्रार करायची नाही. आणि वर्षातून एकदा जे मोठं व्हर्जन येतं, २४एच२, २५एच२ वगैरे, ते आपोआप मिळत नाही, स्वतः आयएसओ उतरवून चढवावं लागतं. पासिंग संपलेली गाडी असते ना तसं समजा, गाडी पळते, ॲव्हरेज देते, पण काही झालं तर इन्शुरन्सवाला हात वर करणार.

तर ताई, तीन गोष्टी बघून इथे लिहा. स्टार्टमधे एमएसइन्फो३२ टाइप करा, त्यात बायोस मोडपुढे काय लिहिलंय, यूईएफआय (नवी पद्धत) की लेगसी (जुनी), आणि सिक्युअर बूट चालू की बंद. मग टीपीएम डॉट एमएससी उघडा, उजव्या कोपऱ्यात खाली स्पेसिफिकेशन व्हर्जन असतं. बाकीचं नंतर बोलू.

आणि हे सगळं होईपर्यंत आज रात्रीच ईएसयू ला (सपोर्ट संपल्यावरही अपडेट देणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या योजनेला) नाव नोंदवून टाका. सेटिंग्जमधे विंडोज अपडेटच्या पानावरच लिंक दिसते. वैयक्तिक मशीनला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत विंडोज १० चे सिक्युरिटी अपडेट मिळतात. पैसे देऊन घ्यायचं तर ३० डॉलर, पण विंडोज बॅकअपमधून सेटिंग्ज सिंक केल्या तर फुकट, किंवा १००० मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड पॉइंट. मायक्रोसॉफ्ट अकाउंट मात्र लागतंच.

लिनक्सवाला_नाशिक

हे सगळं वाचून मला एकच कळत नाही, ज्या कंपनीने तुमचं चांगलं चालणारं मशीन बाद ठरवलं तिच्याच मागे आडवाटेने का जायचं? विंडोजऐवजी लिनक्स मिंट २२ टाका, २०२९ पर्यंत अपडेट, टीपीएम विचारत नाही, अकाउंट विचारत नाही. ६३००यू वर पळेल नुसतं. मराठी टायपिंगसाठी आयबस आहे, इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही. माझ्या आईचं मशीन २०१२ चं आहे, ती त्यावर यूट्यूब बघते, बँकेचं बघते, तिला विंडोज गेली हे कळलंसुद्धा नाही.

जुनीमशीन

@लिनक्सवाला, आईंसाठी एकदम बरोबर, मी स्वतः दुकानातून तसे देतो. पण ताईंचा धंदा टॅलीवर आहे आणि टॅली विंडोजचीच आहे. वाइनवर (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवायची सोय) चालवता येते म्हणणारे भेटतात, पण २० तारखेला संध्याकाळी ३बी (जीएसटीचं रिटर्न) भरताना ती अडली तर वाइनवाला येणार नाही कराडला.

लिनक्सवाला_नाशिक

टॅलीचं मान्य. पण मग दोन सिस्टीम ठेवा की, बँक आणि ईमेल लिनक्सवर, टॅली विंडोजवर. जी विंडोज नेटवर जातच नाही तिला अपडेट नसले तरी काय बिघडतं?

कृष्णाकाठ

टॅलीतला डेटाच तर मला जीएसटी पोर्टलवर चढवायचा असतो हो, आणि डीएससी लावून सही करायची ती पण ब्राउझरमधेच. सही करायला एकदा रीस्टार्ट, टॅली बघायला परत रीस्टार्ट असं केलं तर माझा असिस्टंट नोकरी सोडून जाईल.

बरं, जुनीमशीन दादा, बघितलं. बायोस मोड यूईएफआय. सिक्युअर बूट ऑफ. टीपीएम १.२ लिहिलंय. आणि काल रात्री ईएसयू ला नाव नोंदवलं, फुकटवालं घेतलं, लगेच झालं. त्यासाठी मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करावं लागलं एवढंच.

टीपीएम १.२ चं २.० करता येतं असं कुठेतरी वाचलं, ते करू का आधी?

जुनीमशीन

नको. काही बिझनेस लॅपटॉपवर उत्पादकाच्या साइटवरून टीपीएमचं फर्मवेअर १.२ वरून २.० करता येतं हे खरंय. पण त्या उद्योगात टीपीएम पुसला जातो, बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल आणि आधी सस्पेंड केलं नसेल तर पुढच्या वेळी ४८ आकडी रिकव्हरी की मागत बसेल. आणि एवढं करून मिळणार काय, प्रोसेसर तरीही यादीत नाहीच. दोनातली एकच अट पुरी करून मायक्रोसॉफ्टच्या लेखी तुम्ही होता तिथेच राहता.

उलट टीपीएम १.२ असणं तुमच्या फायद्याचं आहे. मायक्रोसॉफ्टने स्वतःच एक रजिस्ट्रीची (विंडोजच्या आतल्या सेटिंगची) सोय सांगितली होती, टीपीएम किमान १.२ असेल तर त्या सोयीने प्रोसेसरची आणि २.० ची अट बाजूला ठेवून अपग्रेड करता येतं. नंतर त्यांनी ती माहिती आपल्या पानावरून काढून टाकली, पण चालते. एचकी लोकल मशीन, सिस्टीम, सेटअप, त्यात एमओसेटअप नावाची की, नसेल तर तयार करायची आणि तिच्यात अलाउ-अपग्रेड्स-विथ-अनसपोर्टेड-टीपीएम-ऑर-सीपीयू नावाची ३२ बिट डीवर्ड, व्हॅल्यू १. नाव सगळं सलग, मधे स्पेस किंवा डॅश काही नाही. मग आयएसओवर डबल क्लिक करायचं, ती ड्राइव्हसारखी उघडते, आतला सेटअप चालवायचा. मधे एक पाटी येते की तुमचं मशीन अटीत बसत नाही, अपडेटचा हक्क राहणार नाही वगैरे, ती ॲक्सेप्ट करायची. या पद्धतीत फाइल्स आणि प्रोग्रॅम जागेवर राहतात, फॉरमॅट करायची गरज नाही. टीपीएम अजिबात नसेल त्यांनी रूफसच्या वाटेने जायचं, ४.६ व्हर्जनपासून रूफसचा पेनड्राइव्ह चालू विंडोजमधूनही अपग्रेड करू देतो.

एका ठिकाणी फार लोक अडकतात ते सांगतो. आयएसओ उतरवताना भाषा विचारतात, इंग्लिश युनायटेड स्टेट्स आणि इंग्लिश इंटरनॅशनल. तुमची आत्ताची विंडोज ज्या इंग्लिशची आहे तीच घ्यायची, नाहीतर "फाइल्स आणि ॲप्स ठेवा" हा पर्याय फिका पडतो आणि नुसत्या फाइल्स राहतात, टॅली, टोकनचा ड्रायव्हर, प्रिंटर सगळं जातं. लीजमधून आलेल्या मशीनवर यूएस असतं कधी, यूके असतं कधी, काही नेम नसतो. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि डिसम स्लॅश ऑनलाइन स्लॅश गेट डॅश इंटल अशी कमांड द्या, डीफॉल्ट सिस्टीम यूआय लँग्वेजपुढे दिसेल. ईएन-यूएस असेल तर युनायटेड स्टेट्स, ईएन-जीबी असेल तर इंटरनॅशनल.

पण ताई, हे मार्च एंडिंग होईपर्यंत करू नका. ईएसयू झालंय, आज काही आग लागलेली नाही.

पतसंस्था_आयटी

मधेच घुसतो, पण कुणाच्यातरी उपयोगी पडेल. आमच्याकडे तालुक्याच्या पतसंस्थांचं जुनं सॉफ्टवेअर आहे, डॉसवरच्या फॉक्सप्रोमधलं, पिग्मीपासून लेजरपर्यंत सगळं त्यात. ते चालावं म्हणून मशीनवर मुद्दाम ३२ बिट विंडोज १० ठेवलेली असते. विंडोज ११ फक्त ६४ बिटमधेच येते आणि ६४ बिट विंडोजवर डॉसचे प्रोग्रॅम सरळ चालतच नाहीत. शिवाय ३२ वरून ६४ ला अपग्रेड होत नाही, नव्यानेच टाकावी लागते. तेव्हा कुणी उत्साहाने काउंटरचं मशीन ११ करायला घेतलं तर दुसऱ्या दिवशी पिग्मी एजंट दारात उभे आणि पावती निघत नाही अशी गत होईल. डॉसबॉक्समधे (डॉसची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) प्रोग्रॅम उघडतो पण प्रिंटिंगला बरंच झुंजावं लागतं, ते आधी दुसऱ्या मशीनवर करून बघा.

कृष्णाकाठ ताई, तुमच्याकडे असलं जुनं काही नाही ना? सेटिंग्ज, सिस्टीम, अबाउटमधे ६४ बिट लिहिलेलं असलं की झालं.

कृष्णाकाठ

६४ बिट आहे. आमच्याकडे डॉसचं काही नाही, सासऱ्यांच्या काळातलं एक होतं ते कपाटात आहे.

सातासमुद्रापार

मी लंडनहून लिहितोय, इथे माझं २०१५ चं मॅकबुक एअर आहे, त्याची पण हीच कथा म्हणून अवांतर. ॲपलने त्याला मॅकओएसच्या मॉन्टेरेवर थांबवलं, म्हणजे १२ नंबरवर. ओपनकोअर लेगसी पॅचर म्हणून एक प्रकल्प आहे, त्याच्या जोरावर त्यावर सोनोमा (१४ नंबर) चालवतोय. पण मॅकमधे नुसती अट काढून भागत नाही, कारण ॲपल जुन्या हार्डवेअरचे ड्रायव्हर सिस्टीममधून काढूनच टाकतं. माझ्या एअरचं ग्राफिक्स व्हेंच्युरात (१३ नंबर) काढलं, वायफाय सोनोमात काढलं. पॅचर ते परत बसवतो, आणि त्यासाठी सिस्टीमची अखंडता राखणारं संरक्षण थोडं सैल करावं लागतं. प्रत्येक अपडेटनंतर ग्राफिक्सचे पॅच परत मारायचे, तोवर स्क्रीन अडखळत चालते. फोटो, ब्राउझिंग, नाटकांची रेकॉर्डिंग बघणं याला मस्त. बँकेचं काम मी त्यावर करत नाही. टॅहो या त्यानंतरच्या मॅकओएसच्या मागे लागलो नाही, तसंही इंटेल मॅकसाठी ती शेवटचीच असं ॲपलने जाहीर केलंय.

विंडोजवाले त्या मानाने सुखी आहात, तुमचे ड्रायव्हर तरी जागेवर असतात.

भटका_बिट

सुखी कसले. माझ्या आय३ वर विंडोजच्या सुरक्षेच्या सेटिंगमधलं मेमरी इंटिग्रिटी नावाचं काहीतरी चालू केलं आणि मशीन म्हैस झालं.

जुनीमशीन

ते कोअर आयसोलेशनमधलं. त्या संरक्षणाला प्रोसेसरमधली जी मदत लागते ती इंटेलमधे सातव्या जनरेशनपासून आहे, त्याआधीच्या प्रोसेसरवर तेच काम सॉफ्टवेअरने नक्कल करून होतं म्हणून जड जातं. मायक्रोसॉफ्टची यादी अगदीच हवेतली नाही ती अशा ठिकाणी कळते. ताईंचं सहावं जनरेशन, त्यांनी अपग्रेडनंतर ते चालू आहे का बघावं, चालू असलं आणि मशीन जड वाटत नसलं तर राहू द्यावं, वाटलं तर बंद करून बाकीची शिस्त पाळावी. त्याबद्दल दुमत असू शकतं, मला विचाराल तर रोजचं काम करवत नसेल असं संरक्षण कुणी फार दिवस चालू ठेवत नाही.

नवा_गडी

या सगळ्यापेक्षा विंडोज १० ची आयओटी एंटरप्राइज एलटीएससी २०२१ टाका ना, तिला जानेवारी २०३२ पर्यंत अपडेट आहेत. ऑनलाइन ३०० रुपयात लायसन्स की मिळते.

जुनीमशीन

२०३२ खरं आहे. पण ती मशीन बनवणाऱ्या कंपन्यांना, म्हणजे एटीएम, बिलिंगचे काउंटर, दवाखान्यातली यंत्रं असल्या कामासाठी देतात, एकट्या माणसाला किरकोळीत विकत नाहीत. ३०० रुपयांची की कुठून येते ते विचारू नका. ताई स्वतः दुसऱ्यांचे हिशेब तपासतात, त्यांच्या स्वतःच्या मशीनवर असली लायसन्स की शोभत नाही.

कृष्णाकाठ

अगदी हेच लिहिणार होते. मग ठरलं, ३१ मार्च आणि त्यानंतरची २० तारीख गेली की करणार. पण भीती वाटते. मधेच लाइट गेली, काही अडकलं तर? बॅकअप म्हणजे नक्की कशाकशाचा घ्यायचा?

जुनीमशीन

आता नीट वाचा, हे मी दुकानात करतो तेच सांगतोय.

नवी २५६ किंवा ५१२ ची एसएसडी घ्या, तुमच्या लॅपटॉपला कुठली बसते ते आधी उघडून बघायला लावा, एम डॉट टू की अडीच इंची, आणि एम डॉट टू असेल तर साटा की एनव्हीएमई. जुन्या एसएसडीची जशीच्या तशी नक्कल नव्यावर करायची, क्लोनझिला फुकट आहे, स्क्रीन जरा रुक्ष आहे पण काम चोख. लॅपटॉपमधे नवी बसवायची आणि अपग्रेड नव्यावर करायचं. जुनी काढून पाकिटात, पाकिटावर तारीख. काहीही बिघडलं तरी जुनी परत बसवली की अर्ध्या तासात तुम्ही कालच्या जागेवर. विंडोजमधेच दहा दिवस मागे जायची सोय असते पण मी तिच्या भरवशावर धंद्याचं मशीन सोडत नाही.

त्याआधी टॅली. डेटा वेगळा पेनड्राइव्हवर, बॅकअप टॅलीतूनच घ्या आणि डेटाचा फोल्डरसुद्धा उचला, तो बहुतेक करून सी ड्राइव्हवर युजर्स, पब्लिक, टॅलीप्राइम, डेटा इथे असतो. आणि लायसन्स सरेंडर करा, एफ१ हेल्पमधे सेटिंग्ज, लायसन्स, तिथे आहे. लायसन्स मशीनला बांधलेलं असतं, डिस्क बदलल्यावर ते रुसू शकतं, सरेंडर केलेलं असलं की परत ॲक्टिव्हेट करायला दोन मिनिटं. सीरियल नंबर आणि ज्या ईमेलवर ते आहे त्याचा पासवर्ड हाताशी ठेवा. तो ईमेल जुन्या असिस्टंटचा निघाला असं दर वर्षी कुणाचंतरी होतं.

डीएससीची काळजी करू नका. सर्टिफिकेट आणि त्याची गुप्त की टोकनच्या आतच असते, लॅपटॉपवर नसते, विंडोज पुसली तरी टोकनला काही होत नाही. फक्त ड्रायव्हर आणि पोर्टलची सही करायची युटिलिटी परत टाकावी लागली तर टाकायची. टोकन अपग्रेड चालू असताना काढून ठेवा.

क्रोमचे पासवर्ड, डेस्कटॉपवरच्या फाइल्स, आउटलुक वापरत असाल तर त्याची पीएसटी (मेलची फाइल), स्कॅनरचं जे काय सॉफ्टवेअर असेल ते. चार्जर लावून ठेवायचा आणि बॅटरी किमान अर्धा तास तग धरते ना ते आदल्या दिवशी बघायचं. रिफर्बिश्डच्या बॅटरीवर माझा विश्वास नाही.

टाकायचीच तर सरळ २५एच२ टाका. २४एच२ चे अपडेट होम आणि प्रोला १३ ऑक्टोबर २०२६ ला संपतात, म्हणजे तुमच्या ईएसयू च्याच दिवशी, मग सहा महिन्यांनी परत हाच खेळ. २५एच२ ला ऑक्टोबर २०२७ पर्यंत आहेत.

मुंबईकर_सीए

वाखूसा (वाचनखूण साठवली). आमच्या फर्ममधे अशी बरीच मशीन आहेत. एकच विचारतो, ऑडिटमधे किंवा क्लायंटच्या आयटीवाल्यांनी विचारलं की सपोर्टेड सिस्टीम आहे का, तर उत्तर काय द्यायचं?

जुनीमशीन

उत्तर "नाही" असंच आहे साहेब. अपडेट येतात हे वेगळं आणि सपोर्टेड आहे हे वेगळं. ज्यांच्याकडे क्लायंटशी डेटाच्या सुरक्षेचा लेखी करार आहे त्यांनी अशा मशीनवर हे करूच नये, नवं मशीन घ्यावं, करात त्या खर्चाची वजावटही मिळते. एकट्यादुकट्या प्रॅक्टिसला एकदोन वर्षं ढकलायची असतील तर ठीक.

कृष्णाकाठ

मंडळी, झालं एकदाचं. २० तारीख गेल्यावर रविवारी बसलो, भाचा आला होता साताऱ्याहून, स्क्रू त्याने उघडले. क्लोनझिलाने नक्कल केली, आमची एसएसडी अडीच इंची निघाली. भाषा बघितली तर ईएन-जीबी, म्हणजे मी यूएसची उतरवायला घेतली होती ती थांबवून इंटरनॅशनल घेतली, दादा त्या एका ओळीसाठी तुम्हाला कराडला जेवायला बोलावतेय.

रजिस्ट्री भाच्याने केली, पाटी आली, ॲक्सेप्ट केली. मधे बराच वेळ एकाच टक्क्यावर अडकल्यासारखं वाटलं पण भाचा म्हणाला हात लावायचा नाही, मग आम्ही चहा प्यायलो, पुढे सरकलं. ॲक्टिव्हेशन आपोआप. टॅलीने सीरियल नंबर मागितला, दिला, चालू. टोकन आधी दिसेना, ड्रायव्हर परत टाकल्यावर दिसलं आणि एका रिटर्नवर सही करूनही बघितली. टचपॅडला दोन बोटांनी सरकवणं बंद पडलं होतं, ते लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरचा विंडोज १० चाच ड्रायव्हर टाकल्यावर आलं. मेमरी इंटिग्रिटी बंदच होती, तशीच ठेवली. या महिन्याचा अपडेट पण आला.

स्टार्टचं बटण मधोमध बघून असिस्टंट वैतागला होता, ते डावीकडे नेता येतं हे टास्कबारच्या सेटिंगमधे सापडलं. मराठी फोनेटिक कीबोर्ड जसा होता तसाच आहे.

जुनीमशीन

उत्तम. ती जुनी एसएसडी दोन महिने तरी पुसू नका. आणि ऑक्टोबरनंतर कधीतरी पुढचं व्हर्जन येईल तेव्हा लगेच धावू नका, २०२७ पर्यंत वेळ आहे, पण कॅलेंडरमधे टाकून ठेवा कारण ते मशीन स्वतःहून सांगणार नाही.

साठीपार

मी हे सगळं वाचलं. माझ्याकडे २००९ चा कोअर टू ड्युओ डेस्कटॉप आहे, रॅम ४ जीबी, विंडोज ७. यावर ११ होईल का? फक्त भजनं ऐकणे, पेपर वाचणे आणि नातवाशी व्हिडिओ कॉल.

जुनीमशीन

काका, नाही होणार. वर लिहिलं ते पॉपकाउंट तुमच्या प्रोसेसरमधे नाही, २४एच२ पासून पुढची विंडोज बूटच होत नाही आणि त्याआधीच्या व्हर्जनचे अपडेट घरच्या मशीनला संपलेत. विंडोज ७ वर नेटला जाऊ नका, तिचे अपडेट जानेवारी २०२० मधेच थांबले. हार्ड डिस्क काढून १२० ची एसएसडी टाका.

लिनक्सवाला_नाशिक

आणि त्यावर लिनक्स मिंट, एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती घ्या काका. भजनं आणि पेपर आरामात. व्हिडिओ कॉल मात्र फोनवरूनच करा, कोअर टू ड्युओला ते झेपायचं नाही. नाशिकच्या आसपास असाल तर मला निरोप टाका, मी येऊन टाकून देतो.